एकाच टाकीतून सगळं: मोठी बिझनेस जेट आणि आपली उजळाईवाडीची धावपट्टी



उजळाईवाडी, गोकुळ शिरगाव भागातल्या मुलांना विमानाचं अप्रूप आता पूर्वीइतकं राहिलेलं नाही. पंख्याचं एटीआर कुठलं आणि जेट कुठलं, हे चौथीतलं पोरगंही नुसत्या आवाजावरून सांगतं. पण मधूनच एखादं छोटं, पांढरंशुभ्र, टोकदार नाकाचं विमान उतरतं, निवडणुकीच्या दिवसांत तर जास्तच, आणि मग वर्गात प्रश्नांची फैर सुरू होते. कुणाचं आहे? किती जोरात जातं? थेट अमेरिकेला जाईल का? आत झोपता येतं का? व्हिडिओ बघून आलेली मोठी मुलं तर नावानिशी विचारतात, ‘सर, गल्फस्ट्रीम भारी का ग्लोबल भारी?’

क्रिकेटपटूंची तुलना करावी तशी ही तुलना चालते. याचा वेग एवढा, त्याचा पल्ला तेवढा, झालं. पण विमानाच्या माहितीपत्रकातला एकही आकडा सुटा नसतो. प्रत्येक आकड्यामागे एक अट असते, आणि एक आकडा वाढवला की दुसरा कुठला तरी कमी होतो. घरखर्चासारखंच आहे हे. पगार एकच, त्यातून किराणा, फी आणि दिवाळी सगळं भागवायचं. विमानात पगाराच्या जागी वजन आणि इंधन असतं. मुलांना हे कळलं, तर नववीच्या ‘गतीचे नियम’ या पाठातलं समीकरण आणि आठवीतला वर्गाचा भाग एका दमात उजळून निघतो. शिवाय आपल्या धावपट्टीच्या लांबीवरून वर्षानुवर्षं जी चर्चा चालू आहे, ती नेमकी कशाबद्दल आहे हेही समजतं.

ज्यात तुम्ही कदाचित बसला आहात

सुरुवात परक्या विमानापासून नको. स्टार एअर ही आपल्या भागातल्या घोडावत समूहाची कंपनी. तिच्या एम्ब्रेअर १४५ विमानातून तुमच्यापैकी काहींनी प्रवास केला असेल. एका बाजूला एक खुर्ची, दुसऱ्या बाजूला दोन, मध्ये अरुंद वाट, एकूण ५० जागा. उंच माणसाला डोकं सांभाळूनच उभं राहावं लागतं, कारण आतली उंची १.८२ मीटर आणि रुंदी २.१० मीटर आहे.

याच घराण्यात, म्हणजे ब्राझीलच्या एम्ब्रेअर कंपनीत, लेगसी ६०० नावाचं बिझनेस जेट तयार झालं. १४५ चं थोडं आखूड भावंड म्हणजे १३५, आणि त्या १३५ च्या सांगाड्यावर लेगसी बेतलं. नळकांडं तेच, रुंदी-उंची तीच. फरक काय? ५० जागांच्या ऐवजी १३-१४ जागा, आणि जादा इंधनाच्या टाक्या. १४५ चा पल्ला अडीच-तीन हजार किलोमीटरच्या घरात, तर लेगसीचा सुमारे ६,३०० किलोमीटर. आणि उड्डाणाच्या वेळचं कमाल वजन? १४५ च्या लांब पल्ल्याच्या नमुन्याचं २२ टन, लेगसीचं साडेबावीस टन. म्हणजे जवळजवळ तेवढंच!

हे वर्गात फळ्यावर मांडा. एक प्रवासी आणि त्याचं सामान मिळून ९५ किलो धरा. ३६ प्रवासी कमी केले तर ३६ × ९५, म्हणजे ३,४२० किलो. जवळजवळ साडेतीन टन वजन मोकळं झालं. त्यातलं काही सोफा, पलंग, स्वयंपाकाची जागा यांत गेलं आणि बरंचसं इंधनात. बिझनेस जेट म्हणजे काही जादूचं विमान नव्हे. माणसं उतरवून त्यांच्या जागी इंधन आणि मोकळी जागा भरलेलं ते विमान असतं. ‘मोठं’ या शब्दाचा अर्थही इथेच कळतो. ५० माणसांच्या विमानात १३ माणसं बसली की ते ‘मोठं’ बिझनेस जेट ठरतं.

वेग: सशाची गोष्ट, पण थोडी वेगळी

आता खऱ्या दादा मंडळींकडे जाऊ. अमेरिकेच्या गल्फस्ट्रीमचं जी-६५० आणि त्याच्यापुढचं जी-७००, कॅनडाच्या बॉम्बार्डिएचं ग्लोबल ७५००, फ्रान्सच्या दासोचं तीन इंजिनांचं फाल्कन ८एक्स. या विमानांचा वेग ताशी किलोमीटरमध्ये न सांगता ‘मॅक’मध्ये सांगतात. मॅक १ म्हणजे ध्वनीचा वेग. ही विमानं जिथून उडतात तिथं तापमान उणे ५६ अंशांच्या आसपास असतं आणि थंड हवेत ध्वनीचा वेग कमी होतो, ताशी साधारण १,०६२ किलोमीटर. त्यामुळे मॅक ०.८५ म्हणजे ताशी ९०३ किलोमीटर आणि मॅक ०.९० म्हणजे ताशी ९५६ किलोमीटर.

जी-६५० चे कंपनीने दिलेले दोन आकडे शेजारी ठेवले की धडा तयार होतो. मॅक ०.८५ ने गेलं तर पल्ला १२,९६४ किलोमीटर. मॅक ०.९० ने गेलं तर ११,११२ किलोमीटर. वेग जेमतेम सहा टक्के वाढवला आणि पल्ला चौदा टक्के घटला. ध्वनीच्या वेगाजवळ गेल्यावर पंखावरच्या हवेचा विरोध सरळ रेषेत वाढत नाही, उसळी मारतो.

मिळालं काय? मुंबई ते लंडन सुमारे ७,२०० किलोमीटर. ९०३ ने ७ तास ५८ मिनिटं, ९५६ ने ७ तास ३२ मिनिटं. सव्वीस मिनिटं वाचली. मुंबई ते न्यूयॉर्क मात्र साधारण साडेबारा हजार किलोमीटर. आता जोरात जाणाऱ्याला इंधनासाठी वाटेत उतरावंच लागणार, आणि त्या थांब्यात एक-दीड तास सहज जातो. इथे ससा झोपला म्हणून हरत नाही, तो पेट्रोल पंपावर अडकतो.

आणि हळू जाणाऱ्याचं तरी जमेल का? १२,९६४ हा आकडा शांत हवेतला आहे. पश्चिमेकडे जाताना समोरून वारा येतो. तो सरासरी ताशी ५० किलोमीटर धरला, तर चौदा तास वीस मिनिटांच्या उड्डाणात सुमारे ७२० किलोमीटर वाऱ्याने खाल्ले. उरले साधारण १२,२५०. न्यूयॉर्क तेवढ्यासाठी हुकलं! ग्लोबल ७५०० चा पल्ला १४,२६० आणि जी-७०० चा १४,३५३ किलोमीटर का ठेवला, हे इथे उमगतं. ‘एवढा पल्ला कशाला’ याचं उत्तर वाऱ्यात आहे.

(ग्लोबल ७५०० ने २०२१ च्या एका चाचणीत ध्वनीचा वेगही ओलांडला होता. मुलांना हे सांगितलं की डोळे चमकतात. पण तो चाचणीतला प्रसंग होता, प्रवाशांना घेऊन कुणी तसं उडवत नाही.)

आणि कोल्हापूर ते मुंबई? सरळ रेषेत साधारण ३१० किलोमीटर. दोन्ही वेगांनी भागाकार करून बघा, फरक एका मिनिटाचा येतो. तोही कागदावर, कारण एवढ्या अंतरात विमान वर चढतं न चढतं तोच खाली यायला लागतं. आपल्या रोजच्या प्रवासासाठी या वेगाचा उपयोग शून्य.

धावपट्टी: इथे खरा कस

आता आपल्या गावचा प्रश्न. आपला विमानतळ राजाराम महाराजांच्या काळात, १९३९ मध्ये सुरू झाला. आज तिथली धावपट्टी सुमारे १,९३० मीटरची आहे, आणि ती २,३०० मीटरपर्यंत नेण्यासाठी भूसंपादनाचा विषय बरीच वर्षं चालू आहे. माहितीपत्रक म्हणतं, जी-६५० ला पूर्ण वजनाने उडायला १,७८६ मीटर लागतात. मग १,९३० पुरेशी आहे की! पोरं लगेच म्हणतात, ‘सर, दीडशे मीटर शिल्लक राहतात.’

थांबा. त्या आकड्याची अट वाचा. समुद्रसपाटी आणि १५ अंश तापमान. कोल्हापूरचा विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंच आणि एप्रिलच्या दुपारी पारा ३८ वर. उंचीमुळे हवा विरळ, उन्हामुळे आणखी विरळ. समुद्रसपाटीला १५ अंशांना एका घनमीटर हवेचं वजन १.२२५ किलो असतं. आपल्याकडे त्या दुपारी ते साधारण १.०५५ किलो भरतं. म्हणजे चौदा टक्के कमी हवा.

याचा परिणाम दोन ठिकाणी होतो, आणि मुलं नेहमी एकच ठिकाण पकडतात.

पहिलं ठिकाण पंख. पंखाला मिळणारी उचल ही हवेची घनता गुणिले वेगाचा वर्ग यावर अवलंबून. हवा विरळ झाली, तर तेवढीच उचल मिळवायला वेग जास्त लागणार. दुसरं ठिकाण इंजिन. इंजिनही हीच हवा ओढतं. हवा कमी मिळाली की जोर कमी, आणि जोर कमी म्हणजे त्वरण कमी. जास्त वेग गाठायचाय, तोही मंद त्वरणाने. आता नववीचं समीकरण आठवा: अंतिम वेगाचा वर्ग बरोबर सुरुवातीच्या वेगाचा वर्ग अधिक दोन गुणिले त्वरण गुणिले अंतर. सुरुवातीचा वेग शून्य. म्हणून अंतर म्हणजे वेगाचा वर्ग भागिले त्वरणाची दुप्पट. वरचा आकडा वाढला, खालचा घटला, दोन्हीकडून मार!

मांडणी करत गेलं की एक सुटसुटीत नियम हाती येतो: लागणारी धावपट्टी ही (वजन ÷ हवेची घनता) या संख्येच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. हा ढोबळ नियम आहे. वैमानिक विमानाच्या पुस्तिकेतले तक्ते वापरतो. पण वर्गात हा नियम सोन्यासारखा आहे. घनता ०.८६ पट झाली. १ ÷ ०.८६ चा वर्ग १.३५. आता १,७८६ × १.३५ म्हणजे २,४११ मीटर. दीडशे मीटर शिल्लक राहणार होते, तिथे जवळपास पाचशे मीटर कमी पडले!

मग ही विमानं इथे उडतच नाहीत का? उडू शकतात, कारण नियमात दुसरा आकडा वजनाचा आहे. जी-६५० चं पूर्ण वजन ४५.२ टन, आणि त्यातलं सुमारे २० टन नुसतं इंधन. (हे वाक्य मुलांना दोनदा वाचायला सांगा. विमानाच्या वजनातला जवळजवळ निम्मा भाग इंधनाचा.) आठ टन इंधन कमी भरलं तर वजन ३७.२ टन. ३७.२ ÷ ४५.२ म्हणजे ०.८२३, त्याचा वर्ग ०.६८. आणि २,४११ × ०.६८ म्हणजे सुमारे १,६४० मीटर. बसलं की! उरलेलं १२ टन इंधन दिल्लीला जायला कितीतरी जास्त आहे. म्हणजे कोल्हापुरात हे विमान येतं ते अर्धपोटी. ज्या पल्ल्यासाठी एवढे पैसे मोजले, तो पल्ला आपली धावपट्टी आणि आपलं ऊन मिळून कापून टाकतात.

आता २,३०० मीटरचं गणित. त्याच नियमाने १,९३० मीटरवरून त्या दुपारी जी-६५० जास्तीत जास्त ४०.४ टन वजनाने निघू शकेल, आणि २,३०० वरून ४४.१ टनांनी. फरक पावणेचार टनांचा. ३७० मीटर जमिनीची किंमत विमानाच्या भाषेत पावणेचार टन. हे टन बिझनेस जेटसाठी इंधनाचे, पण प्रवासी विमानासाठी ते माणसांचे आणि मालाचे असतात. धावपट्टी वाढवायची ती मुख्यतः त्यासाठी. आणि त्या ३७० मीटरमध्ये ज्यांचं शेत जातं, त्यांच्यासाठी हा आकडा पूर्णपणे वेगळ्या भाषेतला आहे. आमच्या परिसरातल्या शाळांत त्या घरांतली मुलंही बसतात. म्हणून मी वर्गात ‘वाढवावी की नाही’ यावर हात वर करायला लावत नाही. फक्त दोन्ही हिशेब फळ्यावर शेजारी शेजारी लिहितो.

एक गोष्ट इथे सांगायलाच हवी. १,७८६ मीटर म्हणजे चाकं जमिनीवरून सुटेपर्यंतचं अंतर नव्हे. धावत असताना ऐन मोक्याच्या क्षणी एक इंजिन बंद पडलं, तर एक तर उरलेल्या पट्टीत थांबता यायला हवं, नाहीतर उरलेल्या इंजिनावर उडून ३५ फूट उंची गाठता यायला हवी. त्यासाठी आधीच एक निर्णयाचा वेग ठरवलेला असतो. त्याच्या आत काही बिघडलं तर ब्रेक, त्यानंतर बिघडलं तर उडायचंच. मधलं काही नाही. ‘थोडी कमी पडली तर काय होतंय’ असं धावपट्टीबद्दल का म्हणता येत नाही, ते यावरून कळेल. जी अंतरं जास्त वाटतात, ती वाईट दिवसासाठी राखलेली असतात.

फाल्कन ८एक्सला तीन इंजिनं असण्यात हेही एक कारण गुंतलेलं आहे. तिघांतलं एक गेलं तर दोन-तृतीयांश जोर उरतो. दोघांतलं एक गेलं तर निम्माच. शिवाय दासोची विमानं पंखाच्या पुढच्या आणि मागच्या कडा बाहेर काढून बरीच हळू उतरतात. लंडन शहरात एक विमानतळ आहे, तिथं उंच इमारतींमधून तीव्र उतारानं खाली यावं लागतं. फाल्कन ८एक्स तिथं उतरू शकतं. त्याचा पल्ला ११,९४५ किलोमीटर आणि वजन ३३ टन, ग्लोबल ७५०० चं ५२ टन. कागदावर ८एक्स हरतं. लहान धावपट्टीच्या गावात मात्र निकाल बदलतो.

केबिन: पन्हाळा, कळसूबाई आणि उटी

पालकांना सगळ्यात जास्त उत्सुकता असते ती आतल्या थाटाची. पलंग, सोफा, मोठा पडदा, काही विमानांत शॉवरसुद्धा. त्यावर फार वेळ घालवू नये असं माझं मत आहे. पैसे टाकले की लाकूड आणि चामडं कुठेही लावता येतं. कापड फाडून मोजण्यासारख्या गोष्टी दोनच: जागा आणि हवा.

जागेचं पाहू. जी-६५० ची आतली रुंदी २.४९ मीटर, ग्लोबल ७५०० ची २.४४, फाल्कन ८एक्सची २.३४, आणि २०२३ मध्ये सेवेत आलेल्या फाल्कन ६एक्सची २.५८ मीटर. उंची सगळ्यांची १.९ मीटरच्या आगेमागे, ६एक्सची १.९८. हे आकडे सेंटिमीटरनी भांडतात, आणि त्याला कारण आहे. आपल्या एम्ब्रेअरचे २.१० आणि जी-६५० चे २.४९ यांत फरक फक्त ३९ सेंटिमीटर. पण नळकांड्याचं तोंड गोल असतं आणि गोलाचं क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाने वाढतं. (२.४९ ÷ २.१०) चा वर्ग १.४. चाळीस टक्के मोठं तोंड हवेत ढकलायचं! म्हणून तर ६एक्स सगळ्यांत ऐसपैस असूनही त्याचा पल्ला १०,१८६ किलोमीटरवर थांबतो.

एक गंमत सांगतो. जी-६५० च्या केबिनचं आकारमान सुमारे ६० घनमीटर. तुमचा वर्ग ७ बाय ६ मीटरचा आणि ३ मीटर उंच असेल, तर त्याचं १२६ घनमीटर. पाचशे कोटींच्या पुढची वस्तू, आणि आत जागा अर्ध्या वर्गाएवढीसुद्धा नाही!

हवेचा भाग मात्र खरोखर रसाळ आहे. विमान ४१,००० फुटांवर, म्हणजे साडेबारा किलोमीटर उंचीवर उडतं. तिथं बाहेरच्या हवेचा दाब समुद्रसपाटीच्या अठरा टक्केच असतो. म्हणून केबिन हवाबंद करून आत हवा भरतात. किती भरतात? नेहमीच्या प्रवासी विमानात आतला दाब खाली जाऊन जाऊन ८,००० फूट, म्हणजे सुमारे २,४४० मीटर उंचीवरच्या हवेइतका होऊ शकतो. उटी २,२४० मीटरवर आहे. म्हणजे तुम्ही उटीच्याही वर बसून आठ-दहा तास प्रवास करता. वेफर्सची पिशवी फुगते, कान दडे बसतात, उतरल्यावर डोकं जड होतं आणि आपण म्हणतो ‘प्रवास बाधला’. त्यात बराचसा वाटा या विरळ हवेचा असतो. बोईंग ७८७ मध्ये हीच पातळी ६,००० फुटांवर, म्हणजे १,८३० मीटरवर आणली. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर, त्याच्या थोडं वर. आणि जी-७०० मध्ये? ४१,००० फुटांवर उडताना आत २,८४० फूट, म्हणजे ८६६ मीटर. महाबळेश्वरच्या कितीतरी खाली. साधारण पन्हाळ्यावर बसल्यासारखं! सकाळी पन्हाळ्याला जाऊन येणारा माणूस थकतो तो चढामुळे, हवेमुळे नाही.

मग सगळीच विमानं अशी का बनवत नाहीत? कारण आतली हवा भिंतीला बाहेर ढकलते. साडेबारा किलोमीटरवर उटीची हवा आत ठेवली, तर प्रत्येक चौरस मीटर भिंतीवर साधारण ५.९ टनांचा रेटा येतो. पन्हाळ्याची हवा ठेवली तर ७.५ टनांचा. दर उड्डाणात एकदा फुगवायचं, एकदा सोडायचं, आणि हे हजारो वेळा. पत्रा जाड हवा, सांधे भक्कम हवेत, खिडकी मोठी केली की तिच्या भोवतीची चौकट आणखी मजबूत हवी. जी-७०० ला वीस मोठ्या लांबट गोल खिडक्या आहेत. दिसायला सुंदर, पण प्रत्येक खिडकी वजनाच्या खात्यावर उधार आहे. नळकांडं रुंद केलं तरीही हाच खर्च वाढतो, कारण तेवढाच दाब मोठ्या गोलाला जास्त ताणतो. फुगा फुगवताना शेवटी शेवटी रबर किती ताणलं जातं, ते मुलांना हाताने दाबून बघायला द्या.

आराम म्हणजे पुन्हा वजन. वजन म्हणजे पुन्हा धावपट्टी. वर्गाचा नियम इथेही सोडत नाही.

आणि धूरही. एक किलो विमान-इंधन जाळलं की सुमारे ३.१६ किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो, कारण हवेतला ऑक्सिजनही त्यात मिसळतो. जी-६५० ला मुंबई ते लंडन ढोबळमानाने १० टन इंधन लागतं असं धरा. झाला ३१ टनांहून थोडा जास्त वायू. आत चार माणसं असतील तर माणशी जवळजवळ आठ टन. भारतात एका माणसामागे वर्षाला सरासरी दोन टनांच्या आसपास. एका वेळच्या एकेरी प्रवासात चार वर्षांचा वाटा. पन्हाळ्याच्या हवेचं बिल कुणाकुणाच्या नावावर फाटतं, हा प्रश्न नववीची मुलं आपणहून विचारतात. तो वगळून पुढे जाऊ नका.

नागपूरचं फाल्कन

शेवटी एक उदाहरण वर्गपाठासाठी, आणि ते आपल्याच राज्यातलं. नागपूरच्या मिहानमध्ये दासो आणि रिलायन्स यांच्या संयुक्त कंपनीचा कारखाना आहे, तिथं फाल्कन विमानांचे भाग तयार होतात. जून २०२५ मध्ये पॅरिसच्या विमान प्रदर्शनात जाहीर झालं की फाल्कन २००० हे संपूर्ण विमान नागपुरात जोडलं जाणार, फ्रान्सच्या बाहेर पहिल्यांदाच. पहिलं विमान २०२८ पर्यंत तयार करायचं लक्ष्य आहे. शिरोलीच्या फाउंड्रीत किंवा गोकुळ शिरगावच्या मशीन शॉपमध्ये ज्यांचे वडील काम करतात, त्या मुलांना ही बातमी जरूर सांगा. पुढे कुणी नागपूरला पान्हा धरेल.

फाल्कन २००० मध्ये एलएक्सएस नावाचा प्रकार आहे. केबिनची उंची आणि रुंदी मोठ्या भावाएवढीच, म्हणजे ८एक्सइतकी: १.८८ आणि २.३४ मीटर. पल्ला मात्र ७,४१० किलोमीटर आणि पूर्ण वजन १९.४ टन. आराम तोच ठेवून लांबी आणि पल्ला कापला, की विमान केवढं हलकं होतं बघा. समुद्रसपाटीला १५ अंशांवर पूर्ण वजनाने उडायला त्याला १,४२५ मीटर लागतात.

मुलांना एवढंच द्या आणि विचारा: नागपुरात बनलेलं हे विमान पूर्ण टाकी भरून एप्रिलच्या दुपारी उजळाईवाडीवरून उडेल का? १,४२५ × १.३५. उत्तर येतं १,९२४ मीटर. धावपट्टी १,९३०. वर्ग ‘उडेल!’ म्हणून ओरडणार, नक्की. तेव्हा विचारा की आपण घनता किती अंकांपर्यंत घेतली होती, तापमान ३८ च्या ऐवजी ४० झालं तर काय, आणि सहा मीटर म्हणजे या वर्गाची एक भिंत. मग वैमानिकाच्या जागी बसून सांगा, किती टन इंधन उतरवाल? मी एक टनापासून सुरुवात करायला सांगतो. १८.४ ÷ १९.४ चा वर्ग काढा, १,९२४ ने गुणा, आणि किती मीटर मोकळे झाले ते वहीत लिहा.